भाऊजींचा होकार

माझी मुलगी तेव्हा काही महिन्यांचीच होती. दुपारी ती ओटीवरच्या झोळीत झोपली होती आणि मी मागच्या दारी तिची दुपटी धूत होते. एकदम तिच्या रडण्याचा आवाज आला. भुकेचं रडणं आईला कळतं, हे तसं नव्हतं. मी ओल्या हातांनीच धावले. बघते तर माझे दीर झोळीवर वाकलेले. एका हाताने तिचा दंड धरून त्यांनी तिला अर्धी बाहेर ओढली होती आणि गदागदा हलवत होते. डोळे मोठे झालेले, आणि तोंडातून 'ऊ, ऊ' असा घोगरा आवाज.

"भाऊजी!" मी ओरडले आणि पोरीला हिसकावून घेतलं. ती माझ्या खांद्यावर किंचाळत होती. तिच्याकडे बघता बघता त्यांचा चेहरा सैल पडला. भिंतीला टेकून ते खाली बसले आणि हसले. पोरीला तशीच घेऊन मी आतल्या खोलीत गेले आणि दाराला कडी लावली.

त्याआधी मला त्यांची भीती कधीच वाटली नव्हती. माझं माहेर मुरबाडचं. लग्न होऊन किन्हवलीच्या पुढच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, थोरला दीर समजेला कमी आहे, पण गरीब आहे. माझ्या नवऱ्यापेक्षा ते बरेच मोठे, चाळिशीला आलेले. आकडे येत नाहीत, पैसे कळत नाहीत, बोलणं दोन-तीन शब्दांचं. पण म्हशींना पाणी दाखवायचं, गवताचा भारा आणायचा, चूल पेटवायची, ही कामं त्यांच्याइतकी नीट कोणी करत नव्हतं. काम करताना स्वतःशीच बोलत राहायचे. "म्हस पाणी प्यायली. आता चा. आये, चा दे." मला 'वयनी' म्हणायचे. मी कुठे जायला निघाले की पडवीच्या पायरीवर चपला सरळ करून ठेवायचे.

मी बाळंतपणाला माहेरी गेले आणि मागे सासूबाई गेल्या. मुलगी जन्मून आठवडाही झाला नव्हता, त्यामुळे मला आणलं नाही. दुपारी जेवून झोपल्या त्या उठल्याच नाहीत, असा निरोप आला. नंतर मला कळलं, की अंत्यविधीच्या वेळी भाऊजी गडबड करतील म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन बसवलं होतं. घरी आणलं तेव्हा आई नव्हती. "आय कुठंय?" त्यांनी विचारलं. "गावाला गेलीय," असं कोणीतरी सांगितलं आणि ते तसंच राहिलं.

मुलीला घेऊन मी सासरी परतले, तर पडवीत बसलेला माणूस मला क्षणभर ओळखूच आला नाही. गाल आत गेलेले, सदरा खांद्यावर लोंबत होता. म्हशींकडे बघत नव्हते. ताट समोर ठेवलं तर भात चिवडून बाजूला सारत. नवरा म्हणाला, "आय गेल्यापासून असाच झालाय. येईल ठिकाणावर."

ठिकाणावर येण्याऐवजी हे सुरू झालं. झोळीचा प्रकार एकदाच झाला नाही. पोरगी झोपली की त्यांना कुठून कळायचं कोण जाणे, ते येऊन ठेपायचेच. मला दुपारी डोळा लागला, तर माझाही खांदा धरून हलवलं. मी दचकून उठले, तर त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर लांब. नवरा आसनगावच्या कंपनीत पाळीला जायचा. तो गेला की घरात आम्ही तिघंच. मी पोरीला पाठीशी बांधून स्वयंपाक करायला लागले. विळी वापरून झाली की फडताळाच्या वर ठेवायची, कोयता गोठ्याच्या वळचणीत लपवायचा. ज्याने माझ्या चपला सरळ करून ठेवल्या, त्या माणसापासून विळी लपवताना मला स्वतःचीच लाज वाटायची, पण हात थांबायचे नाहीत.

गावात बोलणं व्हायला लागलं. कोणी म्हणालं म्हातारी त्याच्या अंगात येते, कोणी देवऋषाचा पत्ता दिला. मुरबाडलाच दिलेली माझी नणंद आली. ती चिडून म्हणाली, "पोरीला काय झालं म्हंजे मंग डॉक्टर करणार काय तुमी?" म्हणून शेवटी आम्ही त्यांना शहरातल्या एका मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. तिथे रांग मोठी होती. डॉक्टरांनी भाऊजींकडे बघून भरभर प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"एकटाच बोलतो?"

"हो, पण ते पहिल्यापासूनच..." मी सांगायला लागले.

त्यांनी हाताने मला थांबवलं. "त्याला बोलू दे. काय रे, कानात आवाज येतात?"

"हो," भाऊजी म्हणाले.

"कोणी काही सांगतं? हे कर, ते कर?"

"हो."

"बाळाला मार म्हणून सांगतं?"

"हो," भाऊजी म्हणाले आणि मान डोलावली.

माझ्या कुशीत पोरगी झोपली होती. मी तिला इतकी घट्ट आवळली की ती जागी झाली. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "मतिमंद आहे, त्यात हे. जास्त अपेक्षा ठेवू नका. घरात लहान मूल आहे, सांभाळून राहा." परत येताना जीपमध्ये भाऊजी आमच्या दोघांच्या मध्ये बसले होते आणि रस्त्यावरच्या म्हशी बोटाने दाखवत होते. नवरा किंवा मी, कोणीच त्यांना 'हं' म्हटलं नाही.

गोळ्यांनी ते गप्प झाले, पण ते गप्प होणंही भीतीदायकच होतं. मान एका बाजूला कलायची, हात थरथरायचे, तोंडातून लाळ गळायची. चालताना हात हलत नसत, लाकडाच्या बाहुलीसारखे चालायचे. एकदा विहिरीच्या काठाशी तोल गेला तेव्हा शेजारच्याने धरलं म्हणून वाचले. एकदा घास घशात अडकला आणि ते निळे-काळे पडले. मी पाठीत बुक्क्या घालत होते आणि मनात एकच, हे आता माझ्या हातात जाणार. आधी त्यांची भीती वाटायची, आता त्यांच्यासाठी वाटायला लागली. दोन्ही भीत्या एकाच वेळी पोटात घेऊन मी दिवस काढत होते. आणि एवढं होऊनही पोरगी झोपली की ते फरफटत झोळीकडे यायचेच.

म्हणून मी तिला दुपारची आतल्या खोलीत घेऊन कडी लावायला लागले. एके दिवशी ते दारापाशी आले. आधी हाताने थापटलं. मी आवाज दिला नाही, पोरगी जागी होईल म्हणून. मग धक्के. मग एक वेगळाच आवाज यायला लागला, जड, ठराविक. ते दारावर डोकं आपटत होते. "भाऊजी, नका हो, नका!" मी आतून रडत ओरडत होते, पण कडी काढायची हिंमत होत नव्हती. पोरगी जागी होऊन रडायला लागली आणि आपटणं थांबलं. दार उघडलं तर कपाळातून रक्त वाहत होतं आणि ते उंबऱ्यावर बसून पोरीकडे बघत होते.

शेजाऱ्यांच्या गाडीने आम्ही त्यांना शहापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. टाके घालणाऱ्या तरुण डॉक्टरने त्यांची थरथर बघितली, गोळ्यांची पाकिटं बघितली आणि म्हणाला, "परवा आमच्याकडे मनोविकाराच्या मॅडम येणार आहेत. काही झालं तरी त्यांना दाखवा." तोपर्यंत नणंदेने लांबच्या एका आश्रमाची चौकशी करून ठेवली होती. एकदा ठेवलं की बघायला जायची गरज नाही, असा तो आश्रम. नवरा मला म्हणाला, "काय करू गो मी? माझा सख्खा भाऊ हाय तो. पण पोरगी पण माझीच हाय ना."

सांगितलेल्या दिवशी आम्ही गेलो. मॅडम मध्यम वयाच्या, आवाजाने मऊ. त्यांनी पहिली गोष्ट ही केली, की खुर्ची ओढून भाऊजींच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, कपाळाला लागलंय. दुखतंय?"

"हो."

त्यांनी कपाळ बघितलं, मग कान, दात, पोट दाबून बघितलं. आम्हाला नवलच वाटलं, मनाच्या डॉक्टरीणबाई दात कशाला बघतात! त्या म्हणाल्या, "ज्याला दुखणं सांगता येत नाही, तो कधी कधी असाच वागून सांगतो. दाढ दुखत असेल, कान फुटला असेल, पोट साफ नसेल, ते आधी बघायलाच पाहिजे." रक्तही तपासायला दिलं. मग माझ्याकडे वळल्या. "ताई, हे पूर्वी कसे होते ते सांगा. आजचं नको. चांगले असताना दिवसभर काय काय करायचे?"

इतक्या दिवसांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हशी सांगितल्या, चूल सांगितली, चपला सांगितल्या. एकट्याने बोलतात का, असं त्यांनीही विचारलं. मी म्हटलं, "पहिल्यापासून बोलतात. म्हस प्यायली, चा दे, असंच."

"आता काही वेगळं बोलतात? कोणाला उत्तर दिल्यासारखं? कोणावर चिडल्यासारखं?"

मी आठवून बघितलं. "नाही. आता तर बोलतच नाहीत."

मग मी घाबरत घाबरत त्यांना ते सांगितलं. आवाज येतात म्हणाले. बाळाला मार म्हणून कोणी सांगतं, त्यालाही हो म्हणाले.

मॅडमनी खुर्ची पुन्हा भाऊजींकडे वळवली. म्हणाल्या, "दादा, आज तुम्ही विमानात बसून आलात का?"

"हो," भाऊजी म्हणाले.

"तुम्हाला शेपूट आहे का?"

"हो." आणि मान डोलावली. अगदी तशीच, जशी त्या दिवशी डोलावली होती.

मॅडम म्हणाल्या, "प्रश्न समजला नाही की ते हो म्हणतात. हो म्हटलं की समोरचा खूश होतो, रागवत नाही, हे लहानपणापासून शिकलेत. त्यांना हो-नाहीचा प्रश्न विचारून काहीच कळणार नाही." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पण भीती कमी झाली नव्हती. आवाज येत नसतील, तर मग पोरीला का ओढतात? हे कोणी सांगितलेलं नव्हतं. डोक्यात काही कारणच नसेल तर?

मॅडमनी साधी चित्रं काढलेले जाड पुठ्ठे समोर ठेवले. एक माणूस जेवतोय. एक बाई रडतेय. मुलं खेळताहेत. "हे काय?" म्हणून विचारत, घाई न करता. भाऊजी थरथरत्या बोटाने दाखवत होते. "भात." "रडते." मग त्यांनी खाटेवर डोळे मिटून पडलेल्या एका बाईचं चित्र ठेवलं.

भाऊजींचा श्वास बदलला. ते खुर्चीतून पुढे झाले आणि त्या पुठ्ठ्यावर, चित्रातल्या बाईच्या दंडावर बोटं रोवून ओढायला लागले. पुठ्ठा टेबलावर आपटायला लागला. तोंडातून तोच आवाज. 'ऊ, ऊ.' मी पोरीला घेऊन भिंतीला चिकटले. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. अगदी हळू म्हणाल्या, "कोण आहे ती, दादा?"

"आये," भाऊजी म्हणाले. मग तो आवाज पुन्हा आला, आणि या वेळी तो शेवटपर्यंत ऐकू आला. "ऊठ. ऊठ, आये. ऊठ."

मागे काहीतरी पडल्यासारखा आवाज झाला. माझा नवरा खाली बसला होता, जमिनीवरच, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

त्याने त्या दिवशी जे सांगितलं, ते मला लग्नाची बायको असूनही ठाऊक नव्हतं. आई गेली त्या दिवशी तो पाळी संपवून घरी आला, तर भाऊजी आईच्या उशाशी बसलेले. घरातल्या सगळ्या गोधड्या त्यांनी तिच्या अंगावर घातल्या होत्या, शेजारी भाताची ताटली ठेवली होती. आणि आईच्या पोलक्याची बाही खांद्यापासून फाटलेली, दंडावर ओरखडे. "मला वाटलं यानंच..." तो म्हणाला. "डॉक्टर आले, म्हणाले हार्ट बंद पडलंय. पण मी बाही कोणाला दाखवली नाय. पोलीस आले असते. रोज त्याच्याकडं बघायचो नि वाटायचं, यानं आयला मारली का रे? आता माझ्या पोरीला..."

भाऊजी उठून नवऱ्यापाशी गेले आणि त्याचा खांदा हलवायला लागले. तो डोळे झाकून बसला होता ना, म्हणून.

मॅडमनी आम्हाला थोडा वेळ दिला. मग एकेक धागा उलगडून सांगितला. आई उठत नाही, म्हणून ते तिला दुपारभर ओढत बसले असतील. त्यानंतर त्यांना एवढंच कळलं, की झोपलेलं माणूस उठलं नाही तर नाहीसं होतं. मग घरात बाळ आलं, आणि बाळ तर सारखं झोपतं. "तुम्ही त्यांना घाबरत होतात," त्या मला म्हणाल्या, "आणि ते तुमच्यासाठी घाबरत होते. हे दुःख आहे, मोठी धास्ती आहे. वेड नाही. मतिमंद माणसाला दुःख होतं, हेच पुष्कळदा कोणी धरत नाही." त्यांनी हेही सांगितलं, की एका भेटीत त्या शंभर टक्के खात्री देणार नाहीत. पुन्हा यायचं, पुन्हा बघायचं. आधीच्या कडक गोळ्या एकदम बंद न करता हळूहळू कमी करायच्या. झोप आणि भूक परत यावी म्हणून एक वेगळी, कमी ताकदीची गोळी दिली.

आणि एक काम सांगितलं, ते मला फार जड गेलं. पोरगी झोपेल तेव्हा दार लावायचं नाही. भाऊजींना जवळ बसवायचं. तिचा श्वास चालतो ते त्यांना हाताने कळू द्यायचं. मी शेजारीच राहायचं, आणि नवरा घरात असेल तेव्हाच करायचं.

पहिल्या रविवारी नवरा झोळीच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. भाऊजी मध्ये. पोरगी गाढ झोपलेली. मी त्यांचा तो राठ, गवत कापून चिरा पडलेला, अजून थरथरणारा हात धरला आणि तिच्या पोटावर ठेवला. त्यांनी दाबला तर? ओढलं तर? माझी बोटं त्यांच्या मनगटावर घट्ट आवळलेली होती, नखं रुतली असतील. "बघा भाऊजी," मी म्हटलं, "वर आलं. खाली गेलं. वर आलं. ती आहे. झोपलीय फक्त. उठणार आहे."

त्यांचा हात दबला नाही. पोरीच्या पोटाबरोबर वर-खाली होत राहिला. त्यांचे ओठ हलत होते, "वर. खाली." पोरगी आपणहून जागी झाली, जांभई दिली, तेव्हा ते इतक्या मोठ्याने हसले की ती दचकून रडली, आणि मला रडू आलं ते वेगळंच.

यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. आईचं सांगायला आम्हाला फार दिवस लागले. मॅडम म्हणाल्या होत्या, 'गावाला गेली', 'झोपली' असे शब्द वापरू नका, मेली म्हणा. घरात हा शब्द तोंडातून निघेना. शेवटी नवरा त्यांना नदीकाठी स्मशानात घेऊन गेला, जागा दाखवली, म्हणाला, "आय मेली, दादा. हितं जाळली आपण तिला. तू काय नाय केलंस. तिचं हार्ट बंद पडलं." भाऊजी बराच वेळ त्या काळ्या दगडांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "घरी चल. चा." नवरा घरी येऊन म्हणाला, त्याला कळलं की नाही, मला काय समजलं नाही. मलाही समजलं नाही. पण त्या आठवड्यात ते म्हशीला घेऊन तळ्यावर गेले.

हळूहळू अंगावर मांस आलं, थरथर गेली. मध्ये एकदा ताप येऊन पोरगी दिवसभर झोपून राहिली, तेव्हा पुन्हा सगळं उसळलं. त्यांनी तिला ओढलं, मी ओरडले, आणि माझी आधीची भीती जशीच्या तशी अंगात परत आली. तेव्हा मॅडमना मी विचारलं, "मला अजून भीती वाटते, हे चुकतंय का माझं?" त्या म्हणाल्या, "भीती वाटली तर जवळ बसा. कडी लावू नका." तेवढं मला जमतं. सगळे दिवस जमतं असं मी म्हणणार नाही. विळी मात्र आता खाली असते.

आश्रमाचा विषय नणंदेने पुन्हा काढला नाही. ती येते तेव्हा भाऊजींसाठी मुरबाडच्या बाजारातून खारे शेंगदाणे आणते.

यंदा भात कापायच्या दिवसांत शेजारच्या आजी वारल्या. रडण्याचे आवाज आले तसे आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघायला लागलो. मागल्यासारखं भाऊजींना कुठे तरी लांब नेऊन बसवणं सगळ्यात सोपं होतं. शेजाऱ्यांनीही तेच सुचवलं. नवऱ्याने मला विचारलं, "आजींकडं नेऊ त्याला?" तिथे सगळ्यांसमोर त्यांनी आजींना ओढलं तर? लोक काय करतील? तरी मी म्हटलं, "न्या. मी पण येते."

आजींना अंगणात ठेवलं होतं. भाऊजी माझ्या आणि नवऱ्याच्या मध्ये, दोघांचे हात धरून उभे. बायका बाजूला सरकल्या. ते वाकले. त्यांनी आजींच्या पोटावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "वर नाय येत."

"नाय येत, दादा," नवरा म्हणाला. "मेली ती."

"मेली," भाऊजी म्हणाले. त्यांनी आजींना ओढलं नाही. घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत, पडवीत नुसते बसून राहिले, आणि मी पोरीला घेऊन त्यांच्या शेजारी बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भाकरी मागितली.